आतड्यांचं वेळापत्रक

३ मार्च, सोमवार

आजपासून या घरात शिस्त.

काल वाचनालयाच्या हॉलमध्ये व्याख्यान होतं. विषय, शरीरातलं घड्याळ आणि आतड्यातले जिवाणू. ज्येष्ठांसाठी मोफत. मोफत म्हटल्यावर जे येतात ते सगळे आले होते आणि पहिल्या रांगेत बसून घोरत होते. मी एकटी ऐकत होते. बोलणारी एक चष्मेवाली संशोधक बाई, माझ्या सुनेहून फार मोठी नसावी, पण उच्चार स्वच्छ. तिचं म्हणणं असं की आपल्या आतड्यांत कोट्यवधी जिवाणू राहतात आणि त्यांनाही दिवस-रात्र असते. काही जातींची गर्दी दिवसा वाढते, काहींची रात्री. ठरावीक वेळी काही जण आतड्याच्या भिंतीजवळ सरकतात, मग पुन्हा लांब जातात. त्यांना सूर्य दिसत नाही, तिथे कुठून दिसणार, त्यांना वेळ कळते ती मुख्यतः आपल्या जेवणावरून. आपण भलत्या वेळी खाल्लं की त्यांचा गोंधळ उडतो, आणि मग आपला.

म्हणजे काय, तर ड्यूट्या! पहिली गाडी, शेवटची गाडी, पाळी बदलणं! मी आयुष्यभर बस कंपनीच्या वेळापत्रक विभागात दुसरं काय केलं? ड्रायव्हर लोक तक्रार करायचे की मॅडम, तुमच्या कागदावरची बस रस्त्यावर त्या वेळेत धावत नाही. मी सांगायची, वेळापत्रक बरोबर आहे, रस्ता चुकतोय. आणि इतकी वर्षं माझ्याच पोटात एक डेपो वेळापत्रकाशिवाय चालला होता! कुणी सांगू नये?

प्रश्नोत्तरांना थांबले नाही. ज्येष्ठ नागरिकांचे प्रश्न मला पाठ आहेत. सगळे स्वतःच्या पोटाबद्दल असतात.

ठराव: नाश्ता सकाळी सात, जेवण साडेबारा, रात्रीचं जेवण संध्याकाळी साडेसहा. सात वाजता स्वयंपाकघर बंद. त्यानंतर सकाळी सातपर्यंत पाण्याशिवाय कुणी काही तोंडात घालणार नाही. कॉन्व्हेंटच्या होस्टेलमध्ये सिस्टर मेट्रनची घंटा झाली की चमचा असेल तिथे थांबायचा. कुणाचं पोट बिघडल्याचं मला आठवत नाही. (भूक लागल्याचं आठवतं. पण तो वेगळा मुद्दा.) डेपोतली जुनी हातघंटा माळ्यावरून काढून पुसून ठेवली आहे.

ह्यांना सांगितलं. ह्यांना शुगर आहे, त्यामुळे विरोध करायचा अधिकार नाही. हे म्हणाले, बरं.

पण हे सगळं मुळात सूनबाईसाठी आहे. चिरंजीव जहाजावर, चार-चार महिने तोंड दिसत नाही. ती आमच्याजवळ राहते आणि अॅम्ब्युलन्सच्या कंट्रोल रूममध्ये फोन घेते. कुणी पडलं, कुणाच्या छातीत दुखलं, की फोन हिच्याकडे आणि गाडी ही पाठवणार. पाळी दर आठवड्याला बदलते, सकाळ, दुपार, रात्र. म्हणजे तिच्या जिवाणूंची बिचाऱ्यांची दर सोमवारी बदली. पोरीला कायम अॅसिडिटी. मी नाही बघायचं तर कोण बघणार?

५ मार्च, बुधवार

उत्तम चाललं आहे. सूनबाईची या आठवड्यात सकाळची ड्यूटी आहे, ती पहाटे साडेपाचलाच निघते, तेव्हा स्वयंपाकघर बंद असतं. तिने विचारलं, आई, निघताना एखादा टोस्ट? मी म्हटलं, जिवाणू अजून उठलेले नाहीत. ती हसली आणि गेली. कुरकुर नाही. समजूतदार पोरगी आहे, सांगणारं योग्य माणूस भेटलं की सगळे समजूतदार होतात.

६ मार्च, गुरुवार, रात्री पावणेनऊ

भूक लागली आहे. ही खरी भूक नव्हे. जुन्या बेशिस्तीला सोकावलेल्या जिवाणूंची ही निदर्शनं आहेत. युनियनवाले मी खूप पाहिले. दाद दिली नाही की आपोआप पांगतात.

रात्री नऊ. पांगलेले नाहीत.

९ मार्च, रविवार

सूनबाईचे धुतलेले कपडे ठेवायला तिच्या खोलीत गेले. कुणाच्या खणात डोकावणं माझ्या स्वभावात नाही. खण आधीच दोन बोटं उघडा होता. आत काय? हेझलनटची चॉकलेटं, खारवलेले काजू, चीजची बिस्किटं. माझ्या घरात, माझ्या वेळापत्रकात! म्हणजे पहाटे हसत-हसत जात होती ती यांच्या जिवावर.

माल जप्त केला. तिला बोलले नाही. मुलीला लाज वाटेल असं वागू नये, एवढं नन्सनी शिकवलं आहे. माझ्या कपाटात, साड्यांच्या मागे ठेवला.

संध्याकाळी आठच्या सुमारास एक चॉकलेट तपासलं. आपण काय जप्त केलं आहे याची नोंद अधिकाऱ्याला असावी लागते. मग तुलनेसाठी दुसरं तपासलं.

११ मार्च, मंगळवार

या आठवड्यात दुपारची ड्यूटी. ती रात्री दहानंतर घरी येते, म्हणून डबा बांधून दिला आणि बजावलं, साडेसहाला खायचा. डबा जसाच्या तसा परत. मी म्हटलं, पंधरा मिनिटं मिळत नाहीत? ती म्हणाली, आई, संध्याकाळीच फोन सगळ्यात जास्त वाजतात. आज एका मुलाचा आला होता, त्याचे वडील श्वास घेत नव्हते. गाडी पोचेपर्यंत छाती कशी दाबायची ते मी त्याला आकडे मोजत सांगत होते. मग डबा राहिला.

मी विचारलं, वाचले का? म्हणाली, ते आम्हाला कळत नाही. गाडी पोचली की फोन बंद होतो.

पण नियम तो नियम. डबा फ्रिजमध्ये ठेवला आणि सांगितलं, आता इतक्या उशिरा पोटात ढकललंस तर त्रास तुलाच. पाणी पी आणि झोप. ती पाणी प्यायली. तिच्या खोलीत खण उघडल्याचा आवाज आला. मग बंद केल्याचा.

मला झोप नीट लागली नाही. जिवाणूंमुळे असेल.

१४ मार्च, शुक्रवार

जप्त माल संपला. माझी तपासणी जरा काटेकोर झाली असावी.

आज नाश्त्याला सूनबाईने विषय काढला. माझ्या खणातलं खाणं कुणी घेतलं का हो? मी नियम समजावून सांगण्यासाठी तोंड उघडलं, तेवढ्यात तिची नजर ह्यांच्याकडे वळली. बाबा! तुमची शुगर! अख्खा डबा चॉकलेटं? मागून घेतली असती तर मी एखादी दिली असती ना!

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. वर्तमानपत्राची घडी घातली. आणि म्हणाले, चुकलं बाई.

मी बोलणारच होते. पण तेवढ्यात चहा निवायला लागला होता, आणि एकदा माणूस चुकलं म्हणाल्यावर ते खोडून काढणं हा त्याचा अपमान. शिवाय ह्यांचा आवाज इतका खरा होता की क्षणभर मलाही वाटलं, यांनीच खाल्ली असतील.

१५ मार्च, शनिवार

सूनबाईने ह्यांचा जॅम बंद केला. चारच्या चहाबरोबरचं एक बिस्किट होतं, तेही बंद. शिवाय संध्याकाळी बागेला दोन फेऱ्या जादा. स्वतः सोबत गेली, ड्यूटी नव्हती म्हणून. परत आल्यावर मला म्हणाली, आई, तुम्ही एवढी शिस्त लावताय आणि बाबा असं करतात, तुम्हाला किती वाईट वाटत असेल.

वाटतंच आहे.

१७ मार्च, सोमवार

तिची रात्रपाळी सुरू. नवा खाऊ आणला आहे, आता खणात न ठेवता ड्यूटीच्या बॅगेत ठेवते. बॅग असते पॅसेजमधल्या खुंटीवर, चेन लावून. ह्यांच्या हाती लागू नये म्हणून. मला हे आवडलं नाही. घरातल्या वडीलधाऱ्या माणसापासून चेन लावायची? माझा नवरा काय चोर आहे?

संध्याकाळी सव्वासात. चेन अगदी सहज उघडते. हे तिला दाखवून द्यायला हवं. पुरावा म्हणून चार काजू काढले.

१९ मार्च, बुधवार

रात्रपाळीचं वेळापत्रक सगळ्यात अवघड, पण मी लवचीक नाही असं कुणी म्हणू नये. ती सकाळी साडेसहाला येते, सात वाजता घंटा, नाश्ता, मग झोप. साडेबाराला घंटा, जेवण, मग पुन्हा झोप. साडेसहाला घंटा. कागदावर इतकं सुंदर दिसतं की विभागात असते तर फ्रेम करून लावलं असतं.

आज साडेबाराची घंटा वाजवली तर आली, पण डोळे मिटलेले. भाताचे दोन घास खाल्ले. तिसरा चमचा तोंडाशी नेता-नेता थांबला आणि तशीच बसल्या जागी झोपली. हे म्हणाले, अगं, तिला झोपू दे. मी म्हटलं, जेवण हेच जिवाणूंचं घड्याळ आहे, तुम्ही व्याख्यानाला नव्हतात. हे म्हणाले, जिवाणूंना ड्यूटीवर जायचं नाहीये, तिला जायचंय.

ह्यांना विज्ञान कळत नाही. चित्रकलेचे शिक्षक होते.

२१ मार्च, शुक्रवार

पुराव्यांची संख्या जरा वाढली असावी. सूनबाईच्या लक्षात आलं. यावेळी ती चिडली नाही, ते जास्त वाईट. ह्यांच्याजवळ बसली, हात धरला आणि म्हणाली, बाबा, तुम्हाला मोह होतो हे मला कळतं. चूक माझीच आहे, मी डोळ्यांसमोर ठेवते. आजपासून घरात काहीच आणत नाही. बॅगेतही नेणार नाही. माझ्यामुळे तुम्हाला काही झालं तर मी ह्यांना काय तोंड दाखवू?

चिरंजिवांना म्हणजे.

हे म्हणाले, असं करू नकोस, तुला ड्यूटीवर लागतं. माझ्याकडे बघत म्हणाले. मी कोबी चिरत होते. कोबी फार बारीक चिरला गेला, सूपमध्ये दिसतसुद्धा नव्हता.

ठराव: उद्या सांगून टाकायचं.

२२ मार्च, शनिवार

ती दिवसभर झोपली होती. उठवून सांगणं बरं दिसलं नसतं. (घंटा वाजवली नाही. घंटेचा लोलक सैल झाला आहे.)

२३ मार्च, रविवार

ह्यांचे गुडघे सुजलेत. बागेच्या जादा फेऱ्या. मलम चोळायला बसले. मी चॉकलेटं खावीत आणि गुडघे ह्यांचे दुखावेत, हे कुठल्याच शास्त्रात बसत नाही.

शेवटी विचारलं, अहो, त्या दिवशी चुकलं कशाला म्हणालात? हे म्हणाले, तू बोलशील म्हणून थांबलो होतो. बराच वेळ थांबलो. मग पोरगी ताटकळली होती, म्हणून म्हटलं. मी म्हटलं, तुम्हाला माहीत होतं? हे म्हणाले, अगं, साड्यांच्या कपाटातून रात्री कागद चुरगाळल्याचा आवाज येतो. साड्या काय रॅपरमध्ये ठेवतेस?

मी म्हटलं, मग मला बोलला का नाहीत? म्हणाले, तुझ्या वेळापत्रकात माझी बोलायची वेळ कुठे लिहिली होती?

मलम जरा जोरात चोळलं गेलं. हे ओरडले. सॉरी म्हटलं. मलमाबद्दल.

२४ मार्च, सोमवार

पुन्हा सकाळची ड्यूटी. पहाटे ती निघाली तेव्हा मी जागी होते. तिने स्वयंपाकघराच्या बंद दाराकडे पाहिलंही नाही. बाटलीत पाणी भरलं, बूट घातले, दार न वाजवता ओढून घेतलं. उठून एक टोस्ट करून द्यावा असं मनात आलं. पण मीच केलेला नियम मीच मोडला तर उद्या कोण पाळणार? अंथरुणातच राहिले.

तीन आठवडे आमच्या घरात कुणी सातनंतर जेवलेलं नाही. अधिकृतपणे.

२६ मार्च, बुधवार

सकाळी दहाला फोन आला. कंट्रोल रूममधून.

तो नंबर स्क्रीनवर पाहिला आणि दुसरी रिंग वाजायच्या आत उचलला. तिथून फोन येतो म्हणजे काय, हे मला दुसऱ्या कुणी सांगायला नको. बोलणारी तिची शेजारच्या टेबलावरची मैत्रीण होती. म्हणाली, घाबरू नका, तिला चक्कर आली होती, आता बरी आहे, घरी घेऊन येतेय.

नंतर सगळं कळलं. एका आजोबांचा फोन चालू होता, बायको बाथरूममध्ये पडली होती. सूनबाई पत्ता लिहून घेत होती आणि मध्येच तिच्या डोळ्यांपुढे अंधार आला. आजोबा हॅलो हॅलो करत राहिले. मैत्रिणीने फोन हातात घेतला, राहिलेला पत्ता विचारला, गाडी वेळेत पोचली. आजीबाईंच्या हाताचं हाड मोडलंय, बाकी ठीक. हे मैत्रिणीने मुद्दाम चौकशी करून तिला सांगितलं, म्हणून तरी ती शांत झाली.

मैत्रीण बोलायला मोकळी आहे. मला म्हणाली, काकू, ही हल्ली काहीच खात नाही हो. आधी बॅगेतून काजू तरी चघळायची, आम्हालाही द्यायची. आता म्हणते, घरी प्रॉब्लेम आहे. काय प्रॉब्लेम आहे?

मी म्हटलं, बघते.

अकरा वाजता सूप केलं, वर एक अंडं, पाव भाजून. अकरा ही कुठल्याही फेरीची वेळ नाही. तिने सगळं संपवलं आणि बशी पावाने पुसून घेतली. मग कसनुशी हसून म्हणाली, सॉरी आई, तुमचं टाइमटेबल बिघडवलं मी.

मला म्हणाली सॉरी.

सिंकपाशी बराच वेळ भांडी घासत होते. एकच पातेलं होतं.

२७ मार्च, गुरुवार

चष्मेवालीचं व्याख्यान आज दुसऱ्या बॅचसाठी पुन्हा होतं. गेले. यावेळी प्रश्नोत्तरांना थांबले. हात वर केला आणि विचारलं, माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत. त्यांच्या घरात शिफ्टची नोकरी करणारी मुलगी आहे. त्यांनी घरात संध्याकाळी सात ते सकाळी सात खाणं बंद केलं. योग्य ना?

चष्मेवालीने माझ्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाली, यातला बराचसा अभ्यास उंदरांवर झालेला आहे, माणसांचं अजून पुष्कळ कळायचं आहे. (हे तिने गेल्या वेळी सांगितलं होतं म्हणे. प्रश्नोत्तरांत.) पाळ्या बदलल्या की पोटाला त्रास होतो हे खरं. म्हणून अशा माणसाला आधी सलग झोप मिळायला हवी, आणि जेवण त्याच्या कामाच्या वेळा बघून, शक्य तितकं नियमित. उपाशी ठेवून काही होत नाही. मग तिने फार गोड आवाजात विचारलं, त्या बाईंना स्वतःला हे जमतंय का, सात ते सात?

मी म्हटलं, बहुतेक.

सगळा हॉल हसला. पहिल्या रांगेतले घोरणारेसुद्धा जागे होऊन हसले. काय हसण्यासारखं होतं कळलं नाही. परक्या बाईंबद्दल विचारत होते मी.

२९ मार्च, शनिवार

तिने जेवताना सांगितलं. कंट्रोल रूमच्या समोर स्टाफ क्वार्टर्स आहेत, एक खोली रिकामी झाली आहे. कँटीन सगळ्या पाळ्यांना उघडं असतं. इन्चार्ज म्हणाले, घे. येत्या शनिवारी जाते.

हे म्हणाले, विचार करून ठरव हो. मी म्हटलं, उत्तम, तब्येतीला बरं. आवाज अगदी सरळ ठेवला. शाळेत वक्तृत्वाचा कप मिळाला होता.

नंतर बसून हिशोब केला. आमच्याकडची अंथरुणं, टॉवेल, प्लेटा. दोन माणसांना किती लागतात? चिरंजीव येतो तेव्हा चार, एरवी तीन. आता दोन. दोन माणसांसाठी घंटा लागत नाही. खाकरलं तरी पुरतं.

तिला जाऊ द्यायचं नाही. उद्या सांगायचं. उद्याच. कारणं संपली आहेत, चहाही निवत नाहीये, तीही झोपलेली नाही.

३० मार्च, रविवार

सांगितलं.

भाषण तयार केलं होतं. शिस्तीची गरज, जप्तीमागची भूमिका, वगैरे. ती गच्चीवर कपडे वाळत घालत होती. मी चिमटे देत होते. तिसऱ्या चिमट्याला तोंडातून निघालं, चॉकलेटं मी खाल्ली. काजू पण. बिस्किटं पण. ह्यांनी एकही नाही.

वाटलं होतं हसेल. मनात मी ते हसूही ठरवून ठेवलं होतं, तिने म्हणायचं, अय्या आई, तुम्ही! आणि मग क्वार्टर्सचा विषय आपोआप मागे पडायचा.

ती हसली नाही. हातातला ओला शर्ट तसाच बादलीत टाकला. म्हणाली, खाल्लीत त्याचं काही नाही, आई. घर तुमचं आहे, डबे भरून आणून दिले असते. पण बाबांना मी काय-काय बोलले! त्यांचं बिस्किट बंद केलं. गुडघे दुखतात म्हणत होते, तर मी म्हटलं, नाटकं करू नका. तुम्ही समोर बसून ऐकत होतात. एकदाही तोंड उघडलं नाहीत?

मी म्हटलं, उघडलं होतं. एकदा. चहाच्या वेळी.

हे बोलायला नको होतं.

ती म्हणाली, आणि मी काजू बंद केले ते कुणासाठी? त्या आजोबांचा फोन अर्धा माझ्या हातातून सुटला आई. आमच्याकडे सुटलेला फोन म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला हवं का?

नको होतं. माहीत होतं. म्हणून तर सांगत होते.

मग ती खाली गेली आणि ह्यांच्या पायाशी बसून रडली. हे तिच्या डोक्यावर थोपटत म्हणत होते, अगं, मला त्या फेऱ्या मानवल्या, वजन उतरलं बघ. खोटं. रतीभर उतरलेलं नाही. उरलेले कपडे मी वाळत घातले. चिमटे कमी पडले.

क्वार्टर्सचं ठरलेलं तसंच.

२ एप्रिल, बुधवार

ती बोलते. दूध संपलंय, मीटरवाला आला होता, असं. दुपारची ड्यूटी आहे. स्वयंपाकघर मी उघडं ठेवते, दिवा लावून, गॅसवर झाकून. रात्री ती येते, झाकणाकडे बघते, आणि म्हणते, मी कँटीनमध्ये खाल्लं. खरं असेल. मला शिक्षा म्हणूनही असेल. दोन्ही मला मान्य आहे.

गेले तीन दिवस मी सातनंतर काही खाल्लेलं नाही. यावेळी खरोखर. भूकच लागत नाही. म्हणजे इतके दिवस पोटात बंडखोर होते ते जिवाणू नव्हतेच बहुधा.

५ एप्रिल, शनिवार

गेली. टॅक्सीत दोन बॅगा, एक उशी. मी दिलेलं सगळं घेतलं, टोस्टर, दोन पातेली, चमचे, काजूचा मोठा डबा. डबा घेताना थांबली, मला वाटलं परत देते की काय. हे तिच्यासोबत सामान लावायला गेले. मी गेले नाही. बोलावलं नव्हतं. म्हणजे, आई येताय का असं विचारलं होतं, पण तसं विचारलं होतं.

हे संध्याकाळी आले. म्हणाले, खोली छान आहे, खिडकीतून अॅम्ब्युलन्स दिसतात. विचारलं, माझ्याबद्दल काही म्हणाली? म्हणाले, विचारत होती, सात वाजता तिकडे घंटा कोण वाजवणार.

काय? म्हटलं.

म्हणाले, नाही, मीच म्हटलं. ती काही म्हणाली नाही.

असले विनोद करायची ही वेळ आहे का?

७ एप्रिल, सोमवार, रात्री दहा

आज सगळं वेळापत्रकाप्रमाणे. नाश्ता सात, जेवण साडेबारा, रात्रीचं साडेसहा. कुणी उशिरा आलं नाही, कुणाचा डबा परत आला नाही, पहाटे कुणी टोस्ट मागितला नाही. सात वाजता स्वयंपाकघर बंद. विभागात असा दिवस एकदाही उगवला नव्हता. एकही प्रवासी नसला की बस किती वेळेवर धावते.

नऊच्या सुमारास फोन वाजला. तिचा. मी उचलला तर आधी मागचा सायरनच ऐकू आला. मग म्हणाली, आई, दहाला रात्रपाळी आहे. कँटीनमधून ताट खोलीवर आणलंय. भात आणि कसलीतरी भाजी आहे. मी म्हटलं, मग खा की, गार होईल. म्हणाली, हो. मग म्हणाली, एकटीला जेवण जात नाहीये. तुम्ही जेवलात?

साडेसहाला जेवले होते. पोटभर. भात, सूप, सफरचंद.

मी म्हटलं, नाही अजून.

ती म्हणाली, मग तुम्हीपण बसा ना. फोन स्पीकरवर ठेवते.

स्वयंपाकघराचं दार उघडलं, दिवा लावला, उरलेला भात ताटात घेतला आणि फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला. तिकडे तिचा चमचा वाजत होता, इकडे माझा. ती सांगत होती की भाजीत मीठ नाही. मी म्हटलं, वरून घालू नकोस, त्यांनी आधी घालायला शिकायला हवं. ती जराशी हसली. फार नाही. पण हसली.

हे दारात येऊन उभे राहिले. ताटाकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. तोंड उघडलं. आता हे काहीतरी खरं बोलणार म्हणून मी चमचा ह्यांच्याकडे रोखला.

फोनमधून तिने विचारलं, बाबा जेवले का?

हे माझ्याकडे बघत म्हणाले, नाही गं, बसतोच आहे. आणि ताट घेऊन माझ्या शेजारी बसले. मी त्यांना अर्धाच चमचा भात वाढला. शुगर आहे.